मास्तरांची पेटी आणि माझी वही

पहिलंच सांगून टाकते, म्हणजे पुढं लपवायला नको. मास्तरांच्या पेटीचं, म्हणजे हार्मोनियमचं, पुराच्या पाण्यानं जे वाटोळं केलं ते केलंच, पण त्यावर कडी मी केली, आणि पुढं सहा महिने लोकांकडे पैसे मागत फिरताना हे मी एकालाही सांगितलं नाही. सगळ्यांना सांगायचे "पूर आला, पेटी गेली". ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं.

२३ जुलै २०२१ ही तारीख आमच्या गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या माणसाला आठवण करून द्यावी लागत नाही. रात्रभर पाऊस, आणि पहाटे म्हादई नदीचं पाणी बागायती ओलांडून सरळ वाड्यात. म्हातारी माणसं सांगत होती ८२ सालानंतर असं पाणी बघितलं नव्हतं. मास्तरांचं घर आमच्या वाड्यात सगळ्यात खाली, मातीच्या भिंती, वर नळे (कौलं). मास्तर तेव्हा ७४ वर्षांचे, गुडघे गेलेले, पण पाणी उंबऱ्याला लागलं तेव्हा हा माणूस काय करत होता तर शेजारणीची बकरी सोडवत होता. बकरी वाचली, तांदळाचं पोतं माळ्यावर गेलं, काकींनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, देवघरातले देव पदरात बांधले, आणि पेटी राहिली खाटेखाली, जिथं ती गेली कितीतरी वर्षं असायची तिथंच. दुपारी पाणी उतरलं तेव्हा खाट उलटी आणि पेटी दाराशी येऊन अडकलेली, भात्यातून चिखल ठिबकत होता. मास्तर तिच्याजवळ बसले नाहीत की हात लावला नाही, नुसतं म्हणाले, "बकरी काढली गो, पेटी राहिली." हे वाक्य पुढं महिनाभर येईल त्या प्रत्येकाला ऐकवायचे.

पंचनाम्याची गंमत सांगायलाच हवी. दोनतीन दिवसांनी माणसं आली, घराची मोजमापं, भिंत एक पडली, भांडी, कपडे, कोंबड्या असं सगळं लिहून घेतलं. काकींनी सांगितलं "पेटी गेली हो" आणि लिहिणाऱ्यानं लिहिलं "पेटी, लाकडी, १ नग". ट्रंक समजला बिचारा. मी म्हटलं, अहो ती वाजवायची पेटी, हार्मोनियम. तो म्हणाला वाजवायच्या वस्तूंचा रकानाच नाही, घरगुती सामानातच घालू, तुम्हाला काय, लाकूड ते लाकूड. त्याच्यावर राग नाही माझा, दिवसाला चाळीस घरं बघत होता, शर्ट भिजलेला. पण "लाकूड ते लाकूड" डोक्यात बसलं ते बसलंच.

आता ती पेटी काय होती ते सांगते. साडेतीन सप्तकांची, ४२ पट्ट्या, खर्ज-नर अशी दुहेरी, एका पट्टीला दोन सूर, म्हणजे आत ८४ सूर, आणि ते सगळे जुने जर्मन. सूर म्हणजे पितळेचा बोटाएवढा तुकडा, त्याला मधे खाच आणि त्या खाचेवर एका टोकाला बसवलेली पातळ जीभ. हवा आली की जीभ खाचेत आतबाहेर हलते आणि बोलते, बस्स एवढंच यंत्र. जर्मन सूर बाहेरून यायचे बंद झाले त्याला जमाना झाला, हल्ली पेट्यांत घालतात ते सूर बरेचसे गुजरातच्या पालिताण्याचे. मास्तरांनी ही पेटी १९७९ मध्ये गिरगावातून सेकंडहँड आणली होती, ११०० रुपयांना, त्यासाठी चार सीझन जत्रेतल्या नाटकांना वाजवून बिदागी साठवली होती. पेटी डोक्यावर घेऊन बसमधून, मग होडीतून, अशी घरी आणली, ती गोष्ट आम्ही शिष्यांनी इतक्यांदा ऐकली आहे की होडीवाल्यानं किती पैसे घेतले तेपण पाठ आहे (दीड रुपया, पेटीचे वेगळे आठ आणे).

शनिवारची भजनं, सप्ताह, काल्याचं नाटक, लग्नातली मंगलाष्टकं, आणि दर रविवारी आम्ही पोरं. मी तिसरीत असताना त्यांच्याकडे बसायला लागले. आमच्याकडे घरात कोंकणी, पण भजन आणि नाटक मराठी, त्यामुळे माझं अर्धं मराठी शाळेत झालं आणि अर्धं मास्तरांच्या ओसरीवर, तुकाराम-नामदेवांचे अभंग पेटीवर बसवता बसवता. भिंतीवर बोरीच्या पेटीवादक तुळशीदास बोरकरांचा पेपरात आलेला फोटो, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हाचा. मास्तर त्यांना कधी भेटले नाहीत, फक्त दोनदा लांबून ऐकलं, पण फोटो देवाच्या शेजारी. तो फोटोपण पुरात गेला.

तर माझा पराक्रम. पुरानंतर सगळे चिखल काढण्यात गुंतलेले, मास्तर पेटीकडं बघतही नव्हते, म्हणून मी आणि माझ्या भावानं ती आमच्या घरी आणली. पाण्यानं धुतली. हो, धुतली! नळीनं. मग जुलैचा महिना, ऊन कुठलं, म्हणून मी काय केलं तर पेटी मागल्यादारी चुलीजवळ ठेवली, चांगली तीन दिवस, आणि वर हेअर ड्रायर. मला वाटलं लवकर सुकली तर वाचेल. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर आतली सुरांची फळी पिळलेल्या टॉवेलसारखी एका बाजूनं वर आलेली, आणि मधोमध केसाएवढी चीर. मी पेटी मिटली, वर चादर घातली, कुणाला बोलले नाही.

ऑगस्ट असाच गेला. १० सप्टेंबरला चतुर्थी. आमच्या वाड्यावर आरत्या घुमटावर (मातीच्या मडक्याचं तालवाद्य) होतात, सोबत शामेळ हे चर्मवाद्य आणि झांज, त्याला पेटी लागत नाही, पण मास्तर दरवर्षी आरत्या संपल्या की पेटी ओढून दोन अभंग म्हणायचे, तो रिवाज होता. त्या वर्षी आरती संपली, कापूर फिरला आणि सगळे सवयीनं जागेवरच बसून राहिले. कुणी उठेना. मास्तरांनी इकडंतिकडं बघितलं, मांडीवर बोटं फिरली, मग म्हणाले "प्रसाद घ्या रे" आणि उठून आत गेले. मी त्या रात्री ठरवलं की पेटी दुरुस्त करायचीच. पुण्यबिण्य नव्हतं त्यात, मला झोप येत नव्हती एवढंच.

मी कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये अकाउंट्सला आहे, त्यामुळे मला वाटलं पैशाचा विषय म्हणजे आपला विषय. आधी बेळगावला फोन केला. आमच्या भागातून चोर्ल्याचा घाट चढला की बेळगाव, पेटीवाल्यांना पणजीपेक्षा तेच जवळचं, शिवाय पेटीवादक रामभाऊ विजापुऱ्यांचं गाव, तिथं पेटीचं प्रेम जुनं. तिथल्या एका कारागिरांना सगळे मामा म्हणतात, मीपण मामाच म्हणते. फोनवर म्हणाले फोटो नको, पेटी आणा, बघितल्याशिवाय सांगणार नाही.

पण मी शहाणी, पेटी नेण्याआधीच ऑनलाइन पैसे जमवायला घेतले. एका क्राउडफंडिंग साइटवर पेज काढलं, टार्गेट ४०,००० टाकलं अंदाजानं. तिथं सगळं इंग्रजीत, बेनिफिशियरी कोण, नातं काय, आजाराचं नाव काय. आजार नाही, पेटी आहे म्हटलं तर ‘अदर्स’ मध्ये टाका. मग त्यांच्याकडून एका पोराचा फोन, अगदी गोड बोलत होता, म्हणाला मॅम फोटो थोडा इमोशनल हवा, अंकल मोडक्या घरासमोर बसलेत, असं काही, रेस्पॉन्स चांगला येतो. मास्तरांना मी खरं कारण सांगितलंच नव्हतं, म्हटलं मास्तर एक फोटो काढते, जुन्या शिष्यांना पाठवायला. त्यांनी काळी टोपी घातली, इस्त्रीचा सदरा घातला आणि कॅमेऱ्याकडं बघून असे हसले की जणू नात्यातलं लग्न आहे. तोच फोटो टाकला. सतरा दिवसांत ४,३५० रुपये. त्यातले निम्मे माझ्याच ऑफिसातले, जे मला कॅन्टीनमध्ये हातात देऊ शकले असते, आणि साइटचे कापून माझ्याकडं आले ३,९२०.

त्या काळात सगळ्यात जास्त ऐकलेला प्रश्न म्हणजे "एवढ्या पैशात नवीनच का नाही घेत?" ऑफिसातल्या एकानं तर मला पेटी मुळात आपली नाहीच, फिरंग्यांची, इथपासून लेक्चर दिलं. खरंच आहे, मूळ युरोपातली, आणि आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं तिला दाराबाहेर ठेवलंच होतं की. पण आमच्या देवळात तिला कुणी बाहेर काढलं नाही ना, म्हटलं. त्यानं शंभर रुपये दिले, बहुतेक मी गप्प बसावं म्हणून. पण नवीन का नाही ह्याचं उत्तर तेव्हा मला खरं तर माहीत नव्हतं, मी आपली "भावना आहे हो" असं काहीतरी पुटपुटायची.

उत्तर मिळालं बेळगावात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला, लसीच्या दोन डोसची सर्टिफिकेटं खिशात घालून, भावाच्या मित्राच्या व्हॅनमध्ये पेटी दोन गोधड्यांत गुंडाळून नेली. मामांनी चादर काढली, झाकण उघडलं, फळीकडं बघितलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं. "विस्तवाजवळ कुणी ठेवली?" मी म्हटलं मी. म्हणाले, "पाण्यानं एवढं नसतं हो केलं. भिजलेली पेटी खोलायची, सूर काढून घ्यायचे, लाकूड सावलीत नुसत्या वाऱ्यावर ठेवायचं महिना महिना. घाई केली की लाकूड सूड घेतं." मी मान खाली घालून उभी, तिसरीतल्यासारखी.

मग त्यांनी पेटी खोलली. भाता सोडवला तर घड्यांचा पुठ्ठा हातात लगदा होऊन आला, सरस सगळा विरघळलेला. त्या पुठ्ठ्याला आतून जुन्या वहीचे कागद चिकटवलेले होते, कुठल्यातरी दुकानाचा हिशोब, साखर, तूरडाळ, घासलेट, आणि समोर रुपये आणि आणे. आणे म्हणजे १९५७ च्या आधीचं. मी अकाउंट्सवाली, मला तो तुकडा टाकवेना, तो अजून माझ्या वहीत आहे. पट्ट्यांखालचं चामडं कडक होऊन पापडासारखं मोडत होतं, स्प्रिंगा गंजलेल्या, आणि सूर सगळे कळकलेले, हिरवे. चिंचेच्या आमटीत राहिलेल्या पितळी भांड्यासारखे. मामांनी एक सूर काढला, ब्रशनं पुसला, जिभेखालून सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद सरकवून चिखलाचा कण काढला. कण केवढा तर मोहरीच्या चौथ्या हिश्शाएवढा. म्हणाले एवढा मधे आला की सूर मुका. मग सूर ओठाला लावून हलकेच हवा ओढली, आणि तो बोलला. साडेतीन महिन्यांनी त्या पेटीतलं काहीतरी बोललं, ते पण खर्जातलं, मला अंगावर काटा आला, भाऊ बाहेर वडापाव खात होता त्यानं काहीच ऐकलं नाही.

मग मामांनी एक नवीन सूर घेतला. त्याला तेवढीच हवा दिली, गप्प. जास्त दिली, मग वाजला, वाजला म्हणजे चांगला वाजला, खणखणीत. "नवीन वाईट नाही," म्हणाले, "पण ह्याला ढकलावं लागतं. जुना नुसत्या श्वासावर उठतो. भजनाला चालेल नवीन. ज्याची बोटं चाळीस वर्षं ह्यावर फिरली त्याला नाही चालायचं." ह्यापुढं मला कुणी विचारलं की मी हेच सांगायचे, ढकलावं लागणारा आणि श्वासावर उठणारा, आणि लोकांना ते पटायचं, निदान भावनेपेक्षा जास्त पटायचं.

एस्टिमेट झालं ३८,५००. भाता नवा, फळी नवी (ही माझी), चामडं, फेल्ट, स्प्रिंगा, सगळे सूर साफ करून पुन्हा लावणं, पॉलिश. आणि ८४ पैकी ११ सूर कामातून गेलेले, जिभा खालल्या गेल्या होत्या किंवा तुटलेल्या. त्यांच्या जागी नवे घातले तर कानाला खटकणार, जुने मिळवायला हवेत, ते कुठून, तर दुसऱ्या मेलेल्या पेटीतून. मामा सहज म्हणाले, "गोव्यात जुन्या घरांच्या माळ्यावर अशा पेट्या पडून आहेत, कुणी विचारत नाही म्हणून." परत येताना घाटात हेच डोक्यात.

त्याच आठवड्यात मास्तरांना कळलं. त्यांच्या एका शिष्याच्या मुलानं मोबाइलवर ते पेज दाखवलं, टोपी घातलेला हसरा फोटो आणि वर इंग्रजीत ‘हेल्प’. मास्तर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी मी गेले तर ओसरीवर बसलेले, म्हणाले, "मी कुणाकडं हात पसरला नाही आजवर. बिदागी घेतली, भीक नाही. तू माझ्या नावानं मागतेस, मला न विचारता?" मला बोलता येईना. काकी आतून चहा घेऊन आल्या आणि त्यांनीच सांभाळून घेतलं, म्हणाल्या, "मागितली तर मागितली, आता कुणी कुणी दिलं ते तरी बघा." मी पिशवीतून वही काढली. माझी सवय, प्रत्येक रुपया लिहिलेला, तारीख, नाव, रक्कम. मास्तरांनी चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचायला घेतलं. तोवर अठरा-वीस नावं होती. "हा कोण? हां, ह्याच्या वडलांच्या बाराव्याला मी वाजवलं होतं." "हिचा आवाज काळी चार, पण बाईला ताल नाही." असं करत करत राग उतरत गेला बहुतेक, कारण शेवटी म्हणाले, पेन दे. आणि नावांच्या समोर लिहायला लागले, ह्याच्याकडं भूपाळी, हिच्याकडं दोन अभंग, इथं गवळण. म्हणाले, "घे पैसे. पण हे कर्ज. पेटी आली की मी एकेकाच्या घरी जाऊन फेडणार. ज्याला फेड नको त्याचे पैसे परत दे." पेज त्यांनी बंदच करायला लावलं.

आणि खरी गोष्ट अशी की ह्या अटीनंतरच पैसे यायला लागले. "मदत करा" म्हटल्यावर लोक जरा मागं सरतात, पण "मास्तर तुमच्या घरी येऊन वाजवणार आहेत, ॲडव्हान्स द्या" म्हटलं की वेगळंच. महिला भजनी मंडळाच्या बायकांनी तर कोण कुठलं भजन घेणार ह्यावरून वाद घातला. कुणी वीस दिले, कुणी पाचशे. कंपनीच्या गेटवरचा वॉचमन, ज्याला मराठी येत नाही, त्यानं शंभर दिले आणि म्हणाला रामायणाची चौपाई चालेल का, मास्तर म्हणाले का नाही चालणार. कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या, ड्रायव्हरनं पन्नास दिले. मी बसमध्ये पुढच्या सीटवर बसून फोनवर कुणाला तरी पेटीची कथा सांगत होते, फोंड्याला उतरताना त्यानं वरच्या खिशातून पन्नासची नोट काढून दिली, म्हणाला, "आमच्या बाबांकडंपण पेटी होती." मागं हॉर्न वाजत होते, मी नाव विचारायच्या आत बस सुटली. असे साठ जण झाले, ९,१५० रुपये. जुन्या शिष्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ८,५००, त्यात मस्कतच्या एकाचेच ५,०००. आणि माझे ५,०००, ते मी वहीत ‘दंड’ म्हणून लिहिले होते, मास्तरांनी त्यासमोर काहीच लिहिलं नाही तेव्हा.

माळ्यावरच्या पेट्यांचंपण मी ग्रुपवर टाकलं, जुनी, मोडकी, उंदरांनी खाल्लेली कसलीही पेटी असेल तर कळवा. म्हार्दोळच्या एका आजीबाईंचा फोन आला. त्यांच्या यजमानांची पेटी, भाता वाळवीनं खाल्लेला, पट्ट्या अर्ध्या गायब. पैसे घेईनात. म्हणाल्या, "ह्यांच्या मागून कुणी उघडली नाही. वाजणार असेल तर ने." फक्त नेताना तिच्यावर हळदकुंकू वाहिलं. त्यातले सात सूर जुळले. उरलेले चार मामांच्या पत्र्याच्या डब्यातून निघाले. बिलातले साडेचार हजार उतरले.

डिसेंबरात देवळातला काला. त्या वर्षी साधाच होता, गर्दी करू नका, मास्क लावा, पण काल्यानंतरची पावणी झाली. गोव्याबाहेरच्यांना सांगते, देवाला आलेले नारळ, केळ्यांचे घड, तवशी वगैरेंचा सभामंडपात लिलाव होतो ती पावणी. देवाचा प्रसाद म्हणून लोक चढवतात. कमिटीनं एक नारळ पेटीसाठी द्यायचं कबूल केलं. एक्कावन्नापासून सुरू झाला, पाचशेपर्यंत भक्तीनं चढला, आणि पुढं मेव्हण्या-मेव्हण्यांत जुंपली. ह्या दोघांचं कुळागराच्या (सुपारीच्या बागेच्या) पाण्यावरून जुनं वाकडं. एकानं हजार म्हटलं की दुसरा पंधराशे. पेटी कुणाच्या लक्षातही नव्हती आता. शेवटी पाच हजार सातशे एक, एकवार, दोनवार, तीनवार. जिंकलेल्यानं नारळ खांद्यावर घेतला आणि मेव्हण्याकडं बघत बघत बाहेर गेला. मी वहीत लिहिलं, नारळ, ५,७०१. मास्तरांनी समोर लिहिलं, "दोघांच्या मधे बसून."

हे सगळं चाललेलं असताना इलेक्शन तोंडावर. १४ फेब्रुवारीला मतदान, आठ जानेवारीला आचारसंहिता लागली, त्याच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे गावात रोज कुणीतरी काहीतरी वाटतंय. एका इच्छुकाची माणसं मास्तरांकडं आली, भाऊंना कळलंय, भाऊ नवीनच पेटी देतात, स्केल चेंजर, पन्नास हजाराची, फक्त देताना छोटा कार्यक्रम आणि पेटीवर एक स्टिकर. खरं सांगते, मला क्षणभर मोह झाला, चार महिने मागून मागून जीव विटला होता. मास्तर म्हणाले, "स्टिकर कुठं लावणार?" "समोर, मास्तर, लोकांना दिसेल असा." "मग मी पांडुरंगाचं म्हणणार आणि लोक बघणार भाऊंना." माणसं हसली, मास्तर हसले नाहीत. चहा पिऊन गेली.

फेब्रुवारीच्या शेवटी पेटी आणायला गेलो, ह्या वेळी मास्तरपण आले. मामा शेवटचे सूर लावत होते. एका जिभेच्या टोकाशी कानशीनं दोनदा खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो, आणि जास्त खरवडलं गेलं तर संपलं, पितळ परत चिकटत नाही. खरवडायचे, वाजवायचे, मास्तरांकडं बघायचे. मास्तर डोळे मिटून. "किंचित." पुन्हा एकदा कानस, खरं तर नुसती सावली फिरवल्यासारखी. "हां." दोन म्हातारे तासभर एवढंच बोलले. मग मास्तरांच्या हातात पेटी दिली. त्यांनी भाता उघडला, एकच षड्ज धरला, कितीतरी वेळ, मग एकदम म्हणाले, "भाता नवा आहे, कडक आहे, लाड करावे लागतील." ही त्यांची पावती.

बिल ३४,०००. माझ्याकडं होते ३२,२७१. मी पर्समध्ये हात घालत होते तर मास्तरांनी कमरेची पिशवी काढली, सुपारी विकलेले पैसे, आणि १,७२९ रुपये मोजून ठेवले, सुट्ट्या नाण्यांसकट. वहीत स्वतःच्या हातानं स्वतःचं नाव लिहिलं.

परत येताना घाटात मी धीर करून म्हटलं, मास्तर, फळी पुरानं नव्हती गेली. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "चुलीजवळ ठेवलीस. काकीनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, तुमच्या आईकडं आग मागायला आली होती ती." आणि मग, "नळीनं धुतलीस ते मात्र आज मामांनी सांगितलं." पुढचा सगळा घाट कुणी काही बोललं नाही. घरी गेल्यावर बघितलं तर वहीत माझ्या ‘दंड’ समोर त्यांनी लिहिलं होतं, "हिला पेटी खोलायला शिकवणे."

फेड सुरू आहे. शिगम्यापासून सुरुवात केली, महिन्यातून चारपाच घरं, पावसाळ्यात बंद, कारण पावसात पेटी बाहेर काढायची नाही असा आता काकींचा हुकूम आहे आणि पेटी खाटेखाली नाही, माळ्यावर असते, सोबत कापराच्या वड्या. म्हार्दोळच्या आजींकडं सगळ्यात आधी गेलो. त्यांना त्यांचे सात सूर कुठले ते मास्तरांनी एकेक पट्टी दाबून दाखवलं, आजींनी प्रत्येक पट्टीवर बोट ठेवून बघितलं. मेव्हण्यांच्या मधेपण बसून झालं, दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, पण टाळ दोघांनी वाजवला. वॉचमन बदलून गेला, त्याला मास्तरांनी फोनवरून चौपाई ऐकवली.

वहीत आता एकच ओळ उघडी आहे, ‘कदंबा ड्रायव्हर, फोंडा, ५०’. मी त्या रूटवर वर्षभर शोधला, डेपोत विचारलं, वडलांकडं पेटी असलेला ड्रायव्हर म्हटल्यावर ते हसायला लागले. मास्तर हल्ली फारसे कुठं जात नाहीत, पण दवाखान्याला वगैरे निघाले की कदंबालाच हात करतात, प्रायव्हेट बस पुढून गेली तरी सोडतात, आणि चढताना आधी वाकून ड्रायव्हरला विचारतात, "काय रे, तुमच्या बाबांकडं पेटी होती काय?"